चोरून लावलेली काडी

नर्सरीत रोपांपेक्षा किस्से जास्त जमतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी दारात बाकडं ठेवलंच नसतं. वाशिमहून अनसिंगकडं निघालं की रस्त्याला लागूनच माझी छोटी नर्सरी आहे. दारात कडुनिंब आणि निंबाखाली हे बाकडं. लोक गुलाबाचं रोप घ्यायला येतात, बाकड्यावर टेकतात, चहा होतो, एक किस्सा सांगतात, दोन ऐकतात आणि रोप न घेताच निघून जातात! मग घरून फोन येतो, "मधुभाऊ, रोप तं तिथंच राह्यलं ना!" ते न्यायला आले की पुन्हा बाकडं अन् पुन्हा चहा. धंदा असा चालतो आमचा.

त्यातही आमचा एक खास कंपू आहे, जुन्या गुलाबांच्या वेडाचा. फुलवाल्याकडचे जाळीची टोपी घातलेले, लांब दांड्याचे, वास नसलेले गुलाब आमच्यात कोणी घरात आणत नाही. आम्हाला पाहिजे गावठी. गुलकंदाचा, एडवर्ड, आणि ज्यांना नावच नाही असे, कोणाच्या विहिरीवरचा, कोणाच्या मामीच्या आंगणातला. व्हॉट्सअॅप ग्रुपही आहे. त्यावर गुलाब कमी आणि भांडणं जास्त.

या कंपूचा एक नियम तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्यात कोणी कोणाला गुलाबाची काडी मागत नाही. मागून आणलेली काडी लागत नाही, चोरून आणलेलीच लागते, असं आमच्याकडं जुने लोक म्हणायचे. म्हणून चोरायची! आणि ज्याच्याकडं चोरी होऊन राह्यली त्यानं तेवढा वेळ दुसरीकडं तोंड करायचं. "चहा ठेवतो बरं का" म्हणून आत जायचं आणि भांडी जरा जोरात वाजवायची. नंतर दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काडी फुलली तरी नाही.

माझ्याकडं रफीकभाई आहेत. कलमांचे डोळे भरण्यात अख्ख्या तालुक्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांना मी एकदा विचारलं, "भाई, तुमचा विश्वास आहे का हो या चोरीबिरीवर?"

ते म्हणाले, "बिल्कुल आहे. अहो, मागून आणलेल्या काडीले पानी द्याले मानूस इसरते. चोरीचा माल कोनी इसरते का?"

*

वानखडे सर गणिताचे. रिटायर झाले त्या आठवड्यातच माझ्याकडून एडवर्डचं कलम घेऊन गेले. तीन वर्षांनी फोन आला, "मधुभाऊ, झाड आठ फूट झालं. तब्येत एकदम फर्स्ट क्लास. फूल मात्र नाही."

गेलो पाहायला. सर रोज त्याला धुतलेली चहापत्ती घालायचे, आठवड्याला ताक, आणि सकाळी खुर्ची टाकून त्याच्याशेजारीच पेपर वाचायचे. "त्यालेबी करमलं पाह्यजे ना," म्हणे. मी खाली वाकून बुडाशी पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

आता कलम म्हणजे काय, तर खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा. सरांचा डोळा पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेला होता. वाढला होता तो नुसता खुंट. तीन वर्षं ताक तोच पीत होता!

"सर," मी हळूच म्हटलं, "हा गुलाब नाही. हा खुंट आहे. याला काही फूल येत नाही."

सर खुर्चीत बसले ते बसलेच. "म्हणजे तीन वर्षं मी खुंटाची सेवा करून राह्यलो?"

आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला, "मी चाळीस वर्षं करून राह्यली. मी काही म्हटलं का?"

*

किन्हीराजाचे नानासाहेब आमच्यातले सगळ्यात मोठे. वयानंही आणि जमिनीनंही. स्वभाव म्हणाल तर बाभळीसारखा, सावली आहे पण हात लावला की टोचणार. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना कोणीतरी पॉलीहाऊसचं वेड लावलं. अर्ध्या एकरात प्लास्टिकचा मांडव उभा राहिला, आत ठिबक, फॉगर, आणि परदेशी गुलाबाच्या ओळी. एका कोपऱ्यात मात्र हौस म्हणून त्यांनी एक गावठी गुलकंदाचा लावला.

तो माजला. नुसती पानं आणि फांद्या. सहा महिन्यांत वर प्लास्टिकला टेकला आणि काट्यानं भोक पाडून बाहेर डोकं काढलं. फूल लागलं ते फक्त बाहेर आलेल्या शेंड्याला!

कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला. वर भोक, भोकात फूल. तो नानासाहेबांकडं पाहायला लागला. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "गावठी मानसाले एसी सोसत नाई साहेब. त्यानं खिडकी उघडली."

पण हेच नानासाहेब एका गोष्टीवर आले की हळवे होतात. त्यांच्या लहानपणी घराच्या आवारात, भिंतीला लागून, एक गुलाब होता. आजीनं लावलेला. फिकट गुलाबी, आणि त्याची खूण म्हणजे फूल मान खाली घालून फुलायचं. पाहायचं तर हनुवटीखाली बोट घालून वर करावं लागायचं. आजी गेली आणि त्याच वर्षी विहिरीच्या कामात तो गुलाबही गेला. नानासाहेबांनी अकोल्यापासून नांदेडपर्यंतच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. नाही मिळाला.

"मधुभाऊ," ते म्हणायचे, "मी मरायच्या आधी तेवढं एक फूल दाखव मले. मंग तुया नर्सरीची मी कधीच निंदा करनार नाई."

"मग तर नाहीच सापडला पाहिजे," मी म्हणायचो. "तुम्ही निंदा बंद केली तर लोकांना वाटेल तब्येत बिघडली."

*

आमची छाटणीचीही एक पद्धत आहे. दसरा झाला की गुलाब छाटायचे. पण स्वतःचं झाड स्वतः नाही छाटायचं, कारण आपल्या झाडावर आपला हात चालत नाही. एवढीशी फांदी काढतो आणि म्हणतो, राहू दे बिचारी. म्हणून आम्ही एकमेकांचे गुलाब छाटतो. मालकानं फक्त चहा करायचा आणि हाय खायची.

त्यात सुमनताईंची कात्री म्हणजे धाक! ताई इंझोरीच्या. जन्मभर मराठी शाळेत बाई होत्या, आणि गुलाबालाही त्या तिसरीतल्या पोरासारखंच वागवतात. एका वर्षी नानासाहेबांची झाडं त्यांच्या वाट्याला आली. नानासाहेब दोन झाडं होईपर्यंत थांबले, मग उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तासाभरानं आत आले तर झाडाच्या जागी वीतभर खुंट्या.

"ताई, झाड ठेवा ना बाप्पा! तुमी तं नुसता पत्ता ठेवला!"

ताई कात्री पुसत म्हणाल्या, "नानासाहेब, पोरगं नापास झाल्यावर रडण्यापेक्षा आधी दोन छड्या बऱ्या." त्या थंडीत नानासाहेबांच्या झाडांना जेवढी फुलं आली तेवढी कधीच आली नव्हती. नानासाहेबांनी हे आजपर्यंत कबूल केलेलं नाही.

*

सुमनताईंच्या आंगणात एकच गुलाब होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा फूल दिसेचना. मग खाली वाकलो. फिकट गुलाबी, मान खाली घातलेलं फूल! मी बोट घालून ते वर केलं आणि मला एकदम नानासाहेबच आठवले.

"ताई, हा कुठून आणला?"

ताईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "मायनं आनला. तिचं माहेर किन्हीराजाच्या अंगाला. लगनाआधी ती तिथल्या एका आवारात निंदाले-खुरपाले जाये. इंझोरीले देली तिले, त निघाच्या आदल्या दिवशी तिनं भिंतीवरून हात घालून एक काडी तोडली. ओल्या फडक्यात गुंडाळून आनली."

मी हसलो. म्हटलं, "म्हणजे आपला नियम तुमच्या आईपासूनचा!"

ताई हसल्या नाहीत. "तुमी लोकं गंमत म्हनून चोरता मधुभाऊ. मायेले मागाची सोयच नोती. मागतलं असतं त कोन देल्लं असतं, आन् काय काय ऐकवलं असतं, ते मी सांगाची गरज नाई."

माझं हसू तिथंच विरलं. मग त्या म्हणाल्या, "रोज सकाळी याचं पयलं फूल मी विहारात नेते. माय नेत होती, आता मी नेते. आवार कोनाचं ते तुमाले समजलं असन. पन नानासाहेबाले सांगू नका. तो म्हनन, हा आमचा गुलाब. त्याच्या घरचा असन, पन जगवला आमी."

मी शब्द दिला. आणि खरं सांगतो, नर्सरीवाल्याच्या पोटात एवढी मोठी गोष्ट राहणं सोपं नाही.

*

पण गुपित राखून उपयोग काय! पुढच्याच वर्षी चिठ्ठ्या टाकल्या आणि ताईंचं झाड छाटायला नेमके नानासाहेब निघाले. मी तिथंच होतो. ते कात्री घेऊन झाडाजवळ गेले, वाकले, एका फुलाच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि तसेच राहिले. चहा आला, निवला, साय धरली. मी ताईंकडं पाहिलं, ताई जमिनीकडं पाहत होत्या.

शेवटी नानासाहेबांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या मायचं माहेर कोनतं?"

"आहे तिकडंच," ताई म्हणाल्या. "मालेगावकडं." किन्हीराजाही मालेगावकडंच येतं.

"बरं," म्हणाले, आणि छाटायला लागले. ताई उठल्या, "अजून एक चहा ठेवते" म्हणून आत गेल्या. आतून भांडी वाजली. मीही नियमाप्रमाणं रस्त्याकडं तोंड केलं. वापस येताना गाडीत नानासाहेबांनी किन्हीराजापर्यंत एकदाही कोणाची निंदा केली नाही. मी घाबरूनच गेलो होतो!

*

त्यानंतर किन्हीराजाला एक नवीन भानगड सुरू झाली. नानासाहेबांच्या गोठ्यामागं साप निघाला. आमच्यापैकी कोणी तिकडं वळलं की ते ओरडायचे, "तिकडं नका जाऊ! साप हाय!"

एक वर्ष झालं, दोन वर्षं झाली, साप आपला तिथंच. वानखडे सरांना काळजी वाटली. गणिताचा माणूस, प्रश्न दिसला की सोडवायचाच. एका रविवारी न सांगता ते एका सर्पमित्रालाच घेऊन आले. हातात आकडा, खांद्यावर पिशवी. तो पोरगा सरळ गोठ्यामागं निघाला.

नानासाहेब हातातली बशी टाकून धावले, त्याच्यापुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "राहू दे! राहू दे! तो घरचा हाय!"

*

आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि त्यात चूक माझी आहे.

गेल्या श्रावणात ताईंच्या गुलाबावर काळे ठिपके पडले. त्यांचा फोन आला. मी म्हटलं, काळजी नको, बुरशीचं औषध मारून देतो. पंप उचलला आणि इंझोरीला गेलो. झाड वरपासून खालपर्यंत न्हाऊ घातलं. आठ दिवसांनी ताईंचा फोन, "मधुभाऊ, पानं पिवळी पडून राह्यली." पंधरा दिवसांनी फांद्या काळ्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा पंप शेजाऱ्यानं शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत मारायला नेला होता. त्यात तणनाशक होतं. त्यानं न धुता आणून ठेवला, आणि मी न धुता तसाच नेला. पहिल्या वर्षाच्या पोराला मी जे ओरडून सांगतो, "आधी पंप धू बह्याडा!", तेच मी केलं नव्हतं. तीस वर्षांचा नर्सरीवाला!

जाऊन सांगितलं ताईंना. बुडाशी खरडून पाहिलं, मुळापर्यंत हिरवं काही उरलं नव्हतं. ताईंनी एक काळी फांदी हातानं मोडून पाहिली. मला वाटलं, चिडतील, चार शब्द बोलतील तर बरं. त्या म्हणाल्या, "पंप धुतला का आता?"

"धुतला ताई."

"मंग झालं. दुसऱ्या कोनाचं नको जाऊ द्या." आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "उद्या सकाळी विहारात कायचं फूल न्यावं, तेवढंच समजत नाई मले."

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

रात्रीच ग्रुपवर नियम मोडून लिहिलं. "ताईंचा गुलाब माझ्या हातानं मेला. कोणी चोरून काडी नेली असेल तर कृपा करून सांगा. सगळं माफ."

रफीकभाईंचा व्हॉइस मेसेज आला, "दो ले गया था मैं. बकरी खा गई. माफ करना ताई." वानखडे सरांनी लिहिलं, "मी डोळा नेऊन कलम भरलं होतं. उत्तम वाढलं आहे. आठ फूट. फूल अजून नाही." म्हणजे पुन्हा खुंटच!

नानासाहेबांनी मेसेज वाचला, निळ्या खुणा दिसल्या. पण उत्तर नाही. जो माणूस रोज पहाटे पाचला गुलाबाच्या फोटोसकट सुप्रभात पाठवतो, त्याचं सुप्रभातही बंद झालं.

*

दसऱ्यानंतर त्यांचा मेसेज आला. "रविवारी छाटणी. माझ्याकडं. सगळ्यांनी येणे. ताईले घेऊनच येणे."

ताई यायला तयार नव्हत्या. "माह्याकडं आता झाड नाई, मी कायले येऊ?" मी म्हटलं, तुमच्याशिवाय नानासाहेबांची झाडं कोण छाटणार? नापास होतील. तेव्हा कुठं कात्री पिशवीत टाकून निघाल्या.

किन्हीराजाला पोचलो तर नानासाहेबांनी आंगणात खुर्च्या मांडलेल्या. पण कशा? सगळ्या रस्त्याकडं तोंड करून, एका ओळीत, आणि गोठ्याकडं पाठ! वानखडे सर खुर्ची फिरवायला लागले तर नानासाहेब खेकसले, "हाय तशी राहू द्या सर. इकडं हवा हाय."

चहा झाला. नानासाहेबांनी घसा खाकरला. रस्त्याकडं पाहतच, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "तो गोठ्यामागचा साप. गेला म्हंते."

मी वळून पाहणार होतो, पण रफीकभाईंनी माझा गुडघा दाबला.

वानखडे सर हळूच मला म्हणाले, "अहो, मग काडी तोडून हातात देऊन टाकावी ना सरळ!"

रफीकभाई कुजबुजले, "हातात दिल्यावर जगन का सर?"

ताईंनी कप खाली ठेवला. पिशवीतून कात्री काढली. क्षणभर त्या नानासाहेबांच्या खुर्चीमागं थांबल्या, मग त्यांच्या चपलांचा आवाज गोठ्याकडं गेला. आम्ही चौघं रस्त्याकडं पाहत बसलो. रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला, मग एक बकरी. नानासाहेबांनी रिकामी बशी उचलली आणि कपावर जोरात आपटली. पुन्हा आपटली. मग रफीकभाईंनीही आपली आपटली.

मागून कात्रीचा आवाज आला. एकदाच.

नानासाहेबांचा हात थांबला. मान न वळवता ते मोठ्यानं म्हणाले, "ताई, दोन घ्या! एक लागली नाई त? आजीनं पाह्यलं होतं तवा तुमच्या मायले, अन् दुसरीकडं तोंड केलं होतं. म्हने, पोरीनं एकच नेली, इंझोरीपर्यंत जगते का नाई जगते. मरेपर्यंत घोर होता तिले."

मग कात्री पुन्हा एकदा वाजली.